डोंगर कुणाला ठेवून घेतो?

बल्लारपूर मागे टाकलं आणि वर्धा नदी ओलांडली की राजुरा लागतं. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, कापसाची काळी शेतं आणि दक्षिणेला माणिकगडच्या डोंगरांची रांग. पावसाळ्यात वर्धा फुगली, पुलावरून पाणी गेलं की चंद्रपूरकडची वाट बंद होते. मग बाजार, दवाखाना, कचेरी, जे काही असेल ते अलीकडेच उरकायचं.

हे गाव जागचं न हलता तीनदा दुसऱ्याच्या घरी नांदायला गेलं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राजुरा निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते नांदेड जिल्ह्याला जोडलं गेलं आणि १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात आलं. म्हणून आजही इथे एका दुकानात मराठी, तेलुगू, हिंदी आणि गोंडी अशा चार भाषांत उधारी चालते, आणि कुणी कुणाला परकं म्हणत नाही.

या भागातून माणसं बाहेर जातात, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला लिहायचं आहे ते बाहेरून इकडे आलेल्या कुटुंबांबद्दल. करोनाच्या काळापासून अनेक शहरी घरांत एक बोलणं वारंवार निघतं: शहर पुरे झालं, कुठेतरी डोंगरात जाऊन राहू. ओळखीपाळखीतून फोन येतात. नेट मिळतं का, शाळा कशी आहे, रात्री-बेरात्री डॉक्टर मिळेल का. प्रश्न रास्त आहेत. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाकडे अशा कुटुंबांचा ऐंशी वर्षांचा अनुभव जमा आहे आणि तो वेगळंच काही सांगतो. कुटुंब इथे टिकतं की नाही, ते त्याच्या हौसेवर ठरत नाही. इथल्या माणसांच्या कुठल्या अडचणीला ते कामी येतं आणि त्यासाठी आपल्या सवयी किती मोडायला तयार होतं, यावर ते ठरतं. आणि त्या मोडण्याची किंमत घरातल्या सगळ्यांना सारखी पडत नाही.

मारलवाईचं बिऱ्हाड

राजुरा अजून आदिलाबाद जिल्ह्यात होतं, तेव्हाची गोष्ट. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम हा गोंड तरुण निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. जंगल खात्याने गोंडांची शेतं हिसकावली होती, झोपड्या जाळल्या होत्या. भीमचा उठाव त्याविरुद्ध होता. गोळीबारानंतर निजाम सरकारला प्रश्न पडला की हे लोक पेटून का उठले. त्याचा शोध घेण्याचं काम एका परक्या माणसाकडे आलं. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ, व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो भारतात होता आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून हैदराबाद राज्यात अडकून पडला होता. सोबत बायको एलिझाबेथ होती, सगळे तिला बेट्टी म्हणत. ही दोघं मारलवाई नावाच्या गोंड गावात जाऊन राहिली. आपल्या माणिकगडच्या डोंगरांची रांग जिथे तेलंगणात उतरते, तिथलं हे गाव.

व्हिएन्ना आणि लंडनची सवय असलेलं जोडपं गोंडांच्या वस्तीत, त्यांच्यासारख्याच साध्या घरात राहिलं आणि गोंडी शिकलं. पण लोकांनी त्यांना आपलं मानलं ते एवढ्यावर नाही. या माणसाने पाहिलं होतं की गोंडाच्या हातात जमिनीचा कागद नाही, सगळ्या दुःखाचं मूळ तिथे आहे. त्याने सरकारपुढे तेच मांडलं, पुढे १९४५ मध्ये निजाम सरकारचा आदिवासीविषयक सल्लागार झाला, आणि हजारो कुटुंबांना पट्टे मिळाले. मारलवाईत १९४३ मध्ये गोंड शिक्षक घडवणारं केंद्र सुरू झालं. मुलांची पहिली पुस्तकं गोंडीत निघाली, ती देवनागरीत छापून.

याच कामात आपला एक मराठी माणूस होता, सेतुमाधवराव पगडी. पुढे शिवकाळाचे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखलं. पण निलंग्याचा हा अधिकारी आदिलाबादच्या जंगलात नेमणुकीवर असताना गोंडी आणि कोलामी शिकला आणि त्या भाषांची व्याकरणं लिहून गेला. बदलीवर आलेल्या माणसाने नेमणुकीचा काळ कसा घालवावा याचं याहून चांगलं उदाहरण आमच्या भागात नाही.

बेट्टी १९८७ च्या जानेवारीत हैदराबादला वारली. तिची समाधी मारलवाईत आहे. नवऱ्याच्या अस्थी २०१२ मध्ये तिच्या शेजारी आणून ठेवल्या. दर जानेवारीत गोंड तिथे जमतात आणि या दोघांना आपल्या रीतीने मान देतात. गावाने परक्या माणसांना आपल्या पूर्वजांत बसवलं, याहून मोठी रहिवासाची नोंद कुठली?

पोट घेऊन आलेले

सगळेच संशोधन करायला येत नाहीत. जिवतीच्या डोंगरावर बहुसंख्य लोक आले ते पोट घेऊन.

राजुऱ्याहून गडचांदूर, तिथून माणिकगड किल्ल्याच्या बाजूने घाट चढला की पठार लागतं. पाटण, शेणगाव, जिवती. आज जिवती तालुक्याचं गाव आहे. तिथल्या बाजारात उभं राहून डोळे मिटले तर कानावर पडणारी मराठी राजुऱ्याची वाटत नाही, अहमदपूर-कंधारची वाटते. कारण ही घरं मराठवाड्यातून आलेली आहेत. नांदेड, परभणी, लातूर या पट्ट्यातून लोक साठीच्या दशकात येऊ लागले आणि १९७२ च्या दुष्काळाने तो ओघ वाढवला. बंजारा तांडे आले, बौद्ध आणि मातंग कुटुंबं आली, मराठे आले, धनगर आले. तिकडे पाण्याचा थेंब नव्हता. इथे जंगल तोडून का होईना ज्वारी पिकत होती. बैलगाडीत भांडी, पोरं आणि बियाणं घालून लोक घाट चढले.

त्यांचा कुणी गौरवग्रंथ काढला नाही, पण जुळवून घेण्याची परीक्षा त्यांनी सर्वांत कठीण दिली. डोंगरावर पाऊस भरपूर पडतो आणि उतारावरून वाहून जातो. उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडतात, घागरी घेऊन झरा गाठावा लागतो. हिवताप होता, वाघ-अस्वल होतं, दवाखाना घाटाखाली होता. बाळंतीण अडली तर खाटेवर टाकून खाली आणायची. आणि जमिनीचा कागद नव्हता. ज्या शेतात दोन पिढ्यांनी दगड वेचले, ते शेत वनजमीन की महसूल जमीन, हा घोळ अजून पुरता सुटलेला नाही. कागद नाही म्हणून पीककर्ज नाही, सरकारी योजना नाही. याच तालुक्यातल्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघांचा दावा आहे. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर, लेंडीजाळा ही त्यांतली काही. इथल्या घरात दोन रेशनकार्डं सापडतात, गावात दोन शाळा असतात आणि मतदानही दोन राज्यांच्या यादीत होतं. बाहेरच्याला गंमत वाटते. तिथल्या माणसाला आपण कुणाकडे दाद मागायची हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं.

हे सांगताना दुसरी बाजू झाकून चालणार नाही. हे डोंगर रिकामे नव्हते. कोलामांचे पोड आणि गोंडांचे गुडे, म्हणजे त्यांच्या वस्त्या, तिथे होत्याच. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. भिडस्त, भांडणापासून दूर सरकणारी. बाहेरून माणसं येत गेली तसे अनेक कोलाम मागे, आणखी उंचावर सरकत गेले. कुणाची जमीन थोड्याशा उधारीत गेली, कुणाची चुनखडीच्या खाणीत. दुष्काळात पळून आलेला माणूस निराधार होता हे खरं, आणि त्याच्या येण्याने त्याच्याहून निराधार माणूस आणखी मागे ढकलला गेला हेही खरं. डोंगरात राहायला जाऊ म्हणणाऱ्या प्रत्येकाने प्लॉट बघण्याआधी हे लक्षात घ्यावं. तुम्ही घ्याल ती जमीन कुणाच्या तरी वाटेवरची, पाणवठ्यावरची किंवा देवाची असते. पौष महिन्यात सरहद्दीवर जंगूबाईची यात्रा भरते, दोन्ही राज्यांतले गोंड गुहेतल्या देवीला येतात. त्यांच्यासाठी तिथे सीमारेषा नाही, सर्वेनंबरही नाही.

भिंतीच्या आतलं गाव

ऐंशीच्या दशकात गडचांदूरच्या आसपास सिमेंटचे कारखाने उभे राहिले. सास्ती, धोपटाळा, पौनी या बाजूला कोळशाच्या खाणी वाढल्या. त्यांच्यासोबत वसाहती आल्या. या वसाहतींत देशभरातून शिकलेली कुटुंबं येऊन राहिली. आत रस्ते, दिवे, शाळा, दवाखाना, बाग, गणपती, दुर्गापूजा. मुलं हुशार निघाली, बाहेर गेली. निवृत्तीनंतर आईवडीलही गेले.

मला त्या कुटुंबांना नावं ठेवायची नाहीत. नोकरी इमानाने केली, दिवस काढले. पण वीस-वीस वर्षं राहून अनेकांना शेजारच्या पोडाचं नाव सांगता येत नसे, आणि पोडातल्या माणसाला वसाहतीच्या फाटकातून आत जायला काम लागे. भिंतीने दोघांचंही नुकसान केलं. तिथल्या मुलाला माणिकगडचा किल्ला सहलीत दिसला, पण त्या किल्ल्याखालची भाषा कधी कानी आली नाही.

भिंतीबाहेर राहणाऱ्या बदलीच्या कुटुंबांची गोष्ट निराळी. डोंगरावर एका शिक्षक दांपत्याच्या घरी मी बसलो होतो. दोघं नागपूरचे. भाड्याची दोन खोल्यांची जागा, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत पाण्याचे निळे ड्रम ओळीने मांडलेले. पहिलं वर्ष कसं गेलं, हे सरांनी दोन वाक्यांत सांगितलं: शाळा होती, मुलं होती, दिवस जायचा. बाईंनी मात्र तासभर सांगितलं. त्यांची नेमणूक तेव्हा व्हायची होती, त्या घरीच असत. लाइट गेली की दोन दोन दिवस येत नसे. फोन लागायचा तो घाटाच्या वळणावर. धाकटी तापाने फणफणली त्या रात्री नवरा गाडी शोधायला गेला आणि त्या दार लावून बसल्या. तेव्हा शेजारच्या मावशींनी दार वाजवलं, आत आल्या, पोरीच्या डोक्यावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या आणि म्हणाल्या, “काहून जी मॅडम, हाक नाही मारली?” बाई मला म्हणाल्या, त्या दिवसापर्यंत शेजारी हाक मारायची असते हेच मी विसरले होते.

मोठी मुलगी नऊ वर्षांची. ती सगळ्यांत आधी रुळली. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळायला लागली की ती पहाटे शेजारच्या मुलींबरोबर टोपली घेऊन निघते. झाडाखालचा पाला आदल्या दिवशीच झाडून जागा साफ केलेली असते. फूल अंधारातच गळतं, उजाडेपर्यंत जमिनीवर पिवळसर सडा पडतो, ऊन चढायच्या आत वेचावा लागतो. कुठलं झाड कुणाच्या घराचं, हे तिला तोंडपाठ आहे. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल उचलायचं नाही. अंगणात फुलं सुकली की वजन होतं, पैसे येतात. तिच्या वाट्याचे पैसे ती घेत नाही, मैत्रिणीच्या आईला देते, कारण झाड त्यांचं. नऊ वर्षांच्या मुलीला मालकी आणि मैत्री यांचा हिशेब इतका नेमका कळतो, तो कुठल्या शाळेत शिकवतात?

त्याच घरात एक कडक नियम आहे: दिवेलागणीनंतर एकट्याने बाहेर जायचं नाही. नियम उगाच आलेला नाही. राजुऱ्याच्या जंगलात आरटी-१ नावाच्या वाघाने आठ जणांचा जीव घेतला. ऑक्टोबर २०२० मध्ये तो पिंजऱ्यात आला तोवर शेतकरी कापूस वेचायला जायला धजावत नव्हते. शहरातून येणाऱ्याला वाघ म्हणजे ताडोब्याची जिप्सी. इथे वाघ म्हणजे आज शेतावर जायचं की नाही हा प्रश्न.

हेमलकसा: घर ज्यांनी तोलून धरलं

आता त्या कुटुंबाकडे वळतो ज्याची गोष्ट प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. ठाऊक असूनही ती मला पुन्हा सांगावीशी वाटते, कारण आपण ती बहुतेक वेळा एका माणसाच्या त्यागाची म्हणून ऐकतो. ती एका घराची गोष्ट आहे.

तिची पहिली पिढी वरोऱ्याची. बाबा आमटे यांनी वकिली सोडली, १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन खडकाळ माळावर आनंदवन सुरू केलं. सोबत साधनाताई आणि विकास, प्रकाश ही दोन लहान मुलं. विंचू, साप आणि पाण्याची टंचाई. नागपूरच्या सोवळ्या घराण्यातून आलेल्या साधनाताईंनी त्या माळावर जे पेललं, ते त्यांच्या ‘समिधा’ या आत्मकथनात आहे.

दुसरी पिढी भामरागडची. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती जिथे भेटतात, त्या जंगलात, हेमलकशाला, २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. प्रकाश आमटे नागपूरला शल्यचिकित्सेचं पुढचं शिक्षण घेत होते, ते सोडून आले. मंदाकिनीताई भूलतज्ज्ञ, नागपुरात वाढलेल्या, नव्याने लग्न झालेलं. त्या आल्या तेव्हा हेमलकशात रस्ता नव्हता, वीज नव्हती, वीज यायला पुढे कित्येक वर्षं लागली. पावसाळ्यात नद्यांनी वाट अडवली की महिनेच्या महिने जगाशी संबंध नाही. धान्य, मीठ, रॉकेल, औषधं आधी भरून ठेवायची. जे संपलं ते संपलं.

आणि लोक येतच नव्हते. माडियांना बाहेरच्या माणसांचा एकच अनुभव होता: जंगल खात्याचा, व्यापाऱ्याचा आणि पोलिसांचा. झोपडीबाहेर डॉक्टर बसलेत आणि रुग्ण नाही. मग त्यांनी माडिया भाषा शिकायला घेतली. अंगभर भाजलेला, फिट येणारा एक मुलगा त्यांच्याकडे आणला गेला. तो बरा होऊन चालत घरी गेला, तेव्हा बातमी गावोगाव पोचली. प्रकाशभाऊंनी अंगावरचे कपडेही कमी केले, आजवर चड्डी-बनियनवर राहिले, कारण समोरच्या माणसाच्या अंगावर लंगोटीपलीकडे काही नव्हतं. कंदिलाच्या उजेडात, पुस्तक उघडून, कधी न केलेल्या शस्त्रक्रिया त्यांनी केल्या. भूल देणारी बायको शेजारी होती म्हणून त्या जमल्या. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो. हेमलकशाच्या दवाखान्याचा निम्मा भार मंदाताईंनी वाहिला आणि २००८ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून मिळाला, हे आपण बोलताना विसरतो.

मुलं तिथेच वाढली. १९७६ मध्ये प्रकल्पाची आश्रमशाळा निघाली, आणि दिगंत, अनिकेत, आरती माडिया मुलांबरोबर त्याच शाळेत शिकले. वेगळी शाळा नाही, वेगळा डबा नाही. माझ्या मते हा त्या घराने घेतलेला सर्वांत धाडसी निर्णय आहे. शहरातून आलेले आईवडील स्वतःचं सगळं सोडायला तयार असतात, मुलाच्या शाळेपाशी मात्र थांबतात. त्यांचं थांबणंही चुकीचं नाही. पण ज्या शाळेत आपण आपलं मूल घालत नाही, ती शाळा सुधारायला आपला जीव कासावीस होत नाही. आपलं मूल आत बसलं की शिक्षक वेळेवर येतो का, फळा दिसतो का, खिचडीत काय पडतं, हे सगळं आपलं होतं. दिगंत डॉक्टर होऊन परतले; त्यांच्या पत्नी डॉ. अनघा गोव्याच्या. समुद्रकाठची मुलगी इंद्रावतीच्या जंगलात आली आणि बाळंतपणं करू लागली. अनिकेत आणि त्यांच्या पत्नी समीक्षा शाळेचा, प्रकल्पाचा भार पाहतात. म्हणजे नागपूर, पुणे, गोवा इथून निघालेली वाट तीन पिढ्या या जंगलात येऊन मिळते आहे.

त्यांच्यासोबत जे आले त्यांची नावं कमी घेतली जातात. पुण्यातला आपला धंदा आवरून आलेले विलास मनोहर आणि रेणुकाताई, गोपाळ फडणीस, जगन मचकले, दादा पांचाळ. एकटं कुटुंब जंगलात टिकत नाही. हेमलकसा टिकलं कारण तिथे सुरुवातीपासून चार-सहा घरं एकमेकांना धरून होती. एका घरातलं मीठ संपलं तर दुसऱ्याकडे असे, एकाचा धीर सुटला तर दुसऱ्याचा शाबूत असे.

शोधग्राम: विचारून बांधलेला दवाखाना

राणीताई बंग चंद्रपूरच्याच. माहेर चारींचं. अभय बंग वर्ध्याचे. दोघं डॉक्टर, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन १९८४ मध्ये परतले. कुठेही राहता आलं असतं. दोघांनी १९८५ मध्ये ‘सर्च’ संस्था स्थापली आणि १९८६ मध्ये गडचिरोली गाठली. जिल्हा तेव्हा नुकता वेगळा झाला होता, २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्यांची मुलं, आनंद आणि अमृत, दोघंही लहान.

त्यांनी सुरुवात लोकांना विचारून केली. वासा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या साडेसहाशे स्त्रियांची राणीताईंनी तपासणी केली, आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जगाने वाचलं की त्यांपैकी ९२ टक्के स्त्रिया स्त्रीरोगांनी ग्रस्त आहेत. तोवर ग्रामीण बाई म्हणजे कुटुंबनियोजनाचं लक्ष्य, एवढंच आरोग्य खात्याला माहीत होतं. तिचं दुखणं कुणी मोजलंच नव्हतं.

पुढे दवाखाना बांधायचा ठरला तेव्हा आदिवासींना विचारलं, तुम्ही सरकारी इस्पितळात का जात नाही? उत्तरं आली ती कुठल्या आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात नव्हती. मोठ्या इमारतीत वाट सापडत नाही. तुमचे डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आम्ही पांढऱ्यात मेलेलं माणूस गुंडाळतो. सोबतच्या नातेवाइकांना आत घेत नाहीत, मग आजारी माणूस एकटा कसा बरा होईल? आणि तुमच्या दवाखान्यात देव कुठे आहे? म्हणून १९९३ मध्ये गडचिरोलीपासून १७ किलोमीटरवर शोधग्राम उभं राहिलं ते गावासारखं. रुग्णासाठी झोपड्या, नातेवाइकांना राहायला जागा, आणि नाव मां दंतेश्वरी दवाखाना. दरवर्षी तिथे देवीची यात्रा भरते आणि त्याच वेळी आदिवासी गावांचे लोक आरोग्याच्या मागण्या ठरवतात.

याच ऐकण्यातून नवजात बाळांचं काम उभं राहिलं. बाळं घरीच जन्मतात आणि घरीच मरतात, तर उपचार घरात न्यायला हवा, एवढं साधं ते सूत्र. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू किती घटले ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं: नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी. नंतर देशभरात आशाताई घरोघरी जाऊन बाळ तपासू लागल्या, त्या पद्धतीचं मूळ गडचिरोलीतल्या या गावांत आहे.

बंगांची मुलंही शिकून परत आली. २००६ पासून तिथे ‘निर्माण’ हा तरुणांसाठीचा उपक्रम चालतो. अमृत त्यात काम करतात. आयुष्याचं काय करायचं, असा प्रश्न पडलेले शहरी तरुण तिथे येतात, गावात राहून पाहतात. मला हा उपक्रम मोलाचा वाटतो तो याचसाठी. झोकून देणाऱ्या माणसाची वाट पाहत बसण्यापेक्षा, जाण्याआधी राहून पाहायची सोय करणं शहाणपणाचं आहे.

निघण्याआधी

या सगळ्या घरांतून मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, ही माणसं इथे शांतता शोधायला आली नव्हती. शांतता जंगलात कमीच असते. तिथे मोहाच्या हंगामाची धावपळ असते, पाण्याची रांग असते, वाघाची भीती असते, कोर्टाची तारीख असते. काहीतरी काम हातात होतं म्हणून दिवस गेले. कामाशिवाय आलेला माणूस दुसऱ्या पावसाळ्यात परततो.

दुसरी, घरातल्या प्रत्येकाला विचारून निघावं. नोकरी किंवा ध्येय ज्याचं असतं त्याला रोज सकाळी उठायला कारण असतं. त्याच्यासोबत जो येतो, बहुतेक वेळा बायको, तिला आपलं कारण पहिल्यापासून शोधावं लागतं. मंदाताई भूलतज्ज्ञ होत्या, राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ, बेट्टी नवऱ्याच्या संशोधनात बरोबरीची. तिघींना आपलं काम होतं, म्हणून घर उभं राहिलं. जिथे बाईला काम नाही, ओळख नाही आणि माहेरचा फोन घाटाच्या वळणावरच लागतो, तिथे नवऱ्याचं ध्येय तिच्यासाठी शिक्षा होते. ज्याला परत जावंसं वाटतं त्याने परत जावं, त्यात हार नाही.

तिसरी गोष्ट सरकारला सांगायची आहे. जिवती, कोरपना, भामरागड, एटापल्ली इथे शिक्षक, परिचारिका, डॉक्टर दरवर्षी नेमले जातात, आणि दरवर्षी त्यांतले बरेच बदली करून घेतात. आपण त्यांना कामचुकार म्हणतो. त्यांना राहायला धड घर द्या. पहिलं वर्ष गोंडी, कोलामी किंवा माडिया शिकवायला गावातलाच माणूस मानधन देऊन नेमा. नवराबायको दोघं नोकरीत असतील तर एकाच तालुक्यात ठेवा. जो तीन-चार वर्षं मनापासून काम करेल त्याच्या मुलाच्या उच्चशिक्षणाची काळजी घ्या. हेमलकसा आणि शोधग्राम दोन घरांच्या जिद्दीने उभे राहिले. दोन जिल्ह्यांचा दवाखाना आणि शाळा जिद्दीच्या भरवशावर सोडता येत नाहीत.

आणि ज्यांना पुण्या-मुंबईहून खरंच यायचं आहे त्यांना राजुऱ्याचा माणूस म्हणून एवढंच सांगतो. जरूर या. जमीन बघण्याआधी एक पावसाळा आणि एक उन्हाळा भाड्याने राहा. शेजारच्या घराला हाक मारायला शिका. मुलाला तिथल्या शाळेत घाला आणि त्या शाळेच्या समितीवर जाऊन बसा. आणि ‘आम्ही इथे काय करू शकतो’ असा प्रश्न मनात आला की त्याचं उत्तर स्वतः ठरवू नका. पोडावर जा, गुड्यावर जा, तांड्यावर जा, आणि तिथल्या माणसांना विचारा. ते कदाचित विहिरीबद्दल सांगतील, कदाचित सातबाऱ्याबद्दल, कदाचित पोरीच्या शाळेबद्दल. जे सांगतील ते तुमचं काम. ते करायची तयारी असेल, तर डोंगर तुम्हाला ठेवून घेईल.